वाकळीच्या कोपऱ्यातले पाच दाणे

धारूरच्या बाजारातून थोरल्यानं कुणाचा तरी वापरलेला गालिचा आणला, तो सुनेनं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "ही कुठली गिरजीची वाकळ घरात आणता?" असं म्हणून तिनं तो अंगणात टाकला आणि हात धुवायला गेली. तिचं काही चुकलं नाही. रोगराई घेऊन येणाऱ्या वस्तूला आमच्या गावात आणि भोवतालच्या पाच-सहा खेड्यांत असंच म्हणतात. गिरजी कोण होती हे सुनेला माहीत नाही, तिच्या वयाच्या कुणालाच नाही. मला आहे. तिच्या नावाला हा डाग मी लावला. त्या दिवशी आमच्या दुकानाच्या दारात जे उभे होते त्यांतला मी एकटा आता उरलो आहे, आणि मी गप्प मेलो तर हे खोटं कायमचं खरं होऊन बसेल. म्हणून लिहितो. वाचून कुणी माझी कीव करू नये. "तेव्हा तुम्ही लहान होता," असं तर मुळीच म्हणू नये. मी सतरा वर्षांचा होतो, मिसरूड फुटलं होतं, आणि आपण काय बोलतो आहोत ते मला शब्दाशब्दानं कळत होतं.

गिरजाआत्या आमच्या नात्यातली नव्हती. आम्ही लिंगायत वाणी, गावात एकच दुकान आमचं. ती कुणब्याची विधवा, वेशीजवळच्या दोन खणांच्या घरात ठकी नावाच्या लेकीसोबत राहणारी. गावच्या सगळ्या पोरांची ती आत्या. सुगी संपून हवेत गारवा आला की घरोघरीची जुनेरं तिच्याकडे यायची, आणि आमच्या घरच्या वाकळा शिवायला ती आमच्याच परसातल्या पडवीत येऊन बसायची. वाकळ तिच्या मांडीवरून खाली जमिनीवर पसरलेली असे. सुई पाच-सहा पदरांतून वर यायची तेव्हा खस् असा आवाज व्हायचा आणि मग दोरा ओढल्याचा लांब, सरसरता आवाज. टाके कडेनं सुरू होऊन गोल गोल आत यायचे. माझ्या मायनं चुलीवर हुलग्याची शेंगोळी शिजत टाकलेली असायची, लसणाचा वास पडवीपर्यंत यायचा, आणि आत्या सुई न थांबवता म्हणायची, "वहिनी, तिखट जरा हात राखून टाका. मागल्या बारीला नाक आसं गळाया लागलं, तेवढंच शिवायचं राहिलं होतं." माय आतून हसायची. माय हसायची ती बहुतेक आत्या आली की.

मी लहानपणापासून तिच्या वाकळीच्या मोकळ्या टोकावर बसायचो. कापड ताणलं राहावं म्हणून तीच मला बसवायची. बसल्या बसल्या माझी परीक्षा चालायची.

"ही काय हाय, सांग."

"गोधडी."

"तुझं डोस्कं गोधडी. पदर किती हायत मोज की."

खाली अंथरायची, पाच-सहा पदरांची, उचलताना कंबर मोडणारी ती वाकळ. अंगावर घ्यायची, दोन-तीन पदरांची, वरचा पदर मऊ लुगड्याचा असलेली ती गोधडी. नुसत्याच चार घड्या घालून कडेनं टाचलेली ती चौघडी. ती पाहुण्याला द्यायची नाही, पाहुणा परत यायचा नाही, असं ती म्हणे. तान्ह्या लेकराचं ते दुपटं, आणि दुपट्याला कुणी नवं कापड पुढं केलं तर ती सुई खाली ठेवून द्यायची. म्हाताऱ्याचं धोतर धुऊन धुऊन सायीसारखं झालं की मगच त्याचं दुपटं. माझी माय बीदरकडची, ती सगळ्यालाच कवदी म्हणायची. आष्टीकडून येणारे गुरांचे व्यापारी सगळ्यालाच गोधडी म्हणत. त्यावर आत्या म्हणाली होती, "त्यांच्याकडं थंडी एकाच भावाची पडत आसंल." दुलई, रजई, लेप ही कापूस भरलेली पांघरुणं मात्र ती आपल्यात धरतच नसे. ते पिंजाऱ्याचं काम. "वाकळ उसवली तर आत कोण कोण हाय ते दिसतं," ती म्हणायची. "दुलईच्या पोटात काय हाय, कुणाला ठावं?" आणि मग आमच्याच वाकळीवर बोट ठेवून सांगायची, "ही तुझी आज्जी. हे तुझ्या चुलत्याचं धोतर, बैलानं फाडलेलं. आन् ही तुझी माय, लग्नातली."

तिच्या प्रत्येक वाकळीच्या एका कोपऱ्याला तांबड्या खणाचा तिकोनी तुकडा असायचा, आणि त्याच्या खाली शिवून टाकलेले जोंधळ्याचे पाच दाणे. बोटानं चाचपले की लागत. दुसरी कुणी बाई असं करत नसे. मी एकदा विचारलं, "दाणे कावून घालता आत्या?"

"उपाशी माणसाला झोप लागत न्हाई म्हणून. बापानं जेवाया दिलं न्हाई तर कोपरा चाव."

आता अप्पांबद्दल लिहायला हवं. माझे वडील म्हणून आजवर मी त्यांच्याबद्दल वाईट बोललो नाही, आणि तेही चुकलंच. अप्पा कपाळाला भस्म लावून दुकानात बसत, कुणाला अरेतुरे करत नसत, आणि त्यांच्याइतका थंड माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी मला केजच्या शाळेत घातलं ते उर्दूसाठी. निजामाचं राज्य, कागद उर्दूत, हुकूम उर्दूत, तालुक्याचा साधा शिपाई आला तरी उर्दूत बोलणार. गावात ती भाषा बोलणारा मी एकटा, असा माझा आणि सगळ्यांचाच समज होता. सुटीत मी घरी आलो की अप्पा उगाचच मला ओट्यावर बसवून जुने कागद मोठ्यानं वाचायला लावत. रस्त्यानं जाणारे थांबून ऐकत. मलाही ते आवडायचं. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण आवडायचं.

त्या हिवाळ्यात गाठीच्या रोगाची, म्हणजे प्लेगची बातमी आली, शाळा बंद झाली आणि मी घरी आलो. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, ताप चढायचा आणि माणूस तीन-चार दिवसांत जायचा. दवंडी पिटली गेली: रोग असलेल्या गावाहून माल आणायचा नाही, मेलेला उंदीर दिसला तर चावडीवर कळवायचं, ज्या घरात तो सापडेल ते घर रिकामं करून आतलं अंथरूण-पांघरूण जाळणार. आणि दवंडीनंतर आठ दिवसांच्या आत अप्पा आष्टीच्या पलीकडच्या एका बाजारगावाहून गाडी भरून दुलया घेऊन आले. तिथली माणसं रोगाला भिऊन गाव सोडत होती आणि घरातलं पांघरूण मिळेल त्याला देत होती. कडब्याखाली झाकून आणलेल्या त्या दुलया आम्ही दोघांनी मिळून दुकानात उतरवून घेतल्या. मला सगळं माहीत होतं. छापील फुलांच्या, मऊ, हलक्या दुलया. त्यांतल्या तीन त्याच आठवड्यात गावातल्या तीन घरांत गेल्या. एक माझ्या अंगावर आली. उबेला फार छान होती.

एका सकाळी दुकान उघडून मी वरची दुलई झटकली आणि घड्यांमधून मेलेला उंदीर खाली पडला. पोट फुगलेला. अप्पांनी तो पायानं ढकलत दारापर्यंत नेला, बाहेर टाकून देण्याच्या बेतानं. पण ओट्यावर तेलाचं भांडं घेऊन पाटलाची मोलकरीण उभी होती. तिनं उंदीर पाहिला, भांडं तिथंच टाकलं आणि ओरडत चावडीकडे पळाली. तालुक्याहून आलेला दरोगा त्या दिवशी चावडीवरच बसलेला होता. तो येईपर्यंत आम्हाला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. त्या दहा मिनिटांत अप्पांनी दुलयांवर धोतरजोड्यांचे तागे रचले. आणि ओट्यावर घडी करून ठेवलेली वाकळ उचलून उंदराशेजारी उलगडली. ती वाकळ गिरजाआत्यानं थोड्या वेळापूर्वी आणून ठेवली होती, मायसाठी शिवलेली. आत्या परसात मायशी बोलत होती. अप्पा मला एवढंच म्हणाले, "वाकळीतून निघाला म्हणून सांग. आपलं दुकान जाळायचं का, ते तू ठरव."

दरोगा वाईट माणूस नव्हता. थकलेला होता, नाकाला रुमाल लावलेला. मागून पाटील आणि अर्धं गाव. त्यानं काठीनं उंदीर उलटा केला आणि विचारलं, "किसमें से निकला?"

मला गप्प राहता आलं असतं. उर्दूत अडखळल्याचं सोंग करता आलं असतं. मी म्हणालो, "वाकळ में से, साहब."

"वाकळ क्या? रजाई?"

आणि इथं मी नुसतं खोटं बोललो नाही, चांगलं बोललो. केजच्या शाळेत शिकलेल्या स्वच्छ उर्दूत मी सांगितलं की ही रजाई नाही, दुलई नाही, लिहाफ नाही. त्यांत नवा पिंजलेला कापूस असतो, त्यांत उंदराला काय मिळणार. ही वाकळ. हिच्यात घराघरांतल्या मेलेल्या माणसांची जुनेरं असतात, पाच-सहा पदर, मधे पोकळी राहते. आणि ही जी बाई शिवते ती कोपऱ्यात धान्य घालते. आत्यानं वर्षानुवर्षं मला मांडीशी बसवून जे शिकवलं ते सगळं मी त्या माणसासमोर मांडलं, आणि त्यामुळंच त्याला ते पटलं. त्यानं शिपायाकडून तांबडा कोपरा कापवला. पाच दाणे ओट्याच्या फरशीवर पडले. लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही.

तोवर आत्या परसातून पुढं येऊन पायरीपाशी उभी होती. हातात मायनं दिलेली शेंगोळ्यांची वाटी. दरोग्यानं विचारलं, "कितने घरों में है इसकी सिलाई?"

"समद्या गावात हाय साहेब," आत्या म्हणाली. "तीस सालं झाली शिवतीया. आजवर कुणाला उंदीर दिसला न्हाई."

पाटील म्हणाला, "समद्या गावात? मंग आमी समदेच मेलो की गं."

ती पाटलाकडे बघत नव्हती, अप्पांकडेही नाही. माझ्याकडे बघत होती. मी फरशीवरचे दाणे मोजत राहिलो. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून पाठीवर लागतो, आणि अजून तो झटकून टाकावासा वाटतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेशीबाहेर तांबड्या कोपऱ्याच्या सगळ्या वाकळा, गोधड्या, दुपटी यांचा ढीग झाला. बाया स्वतः आणून टाकत होत्या. एका म्हातारीनं ढिगावर टाकलेली गोधडी परत ओढली आणि त्यातला नवऱ्याच्या पटक्याचा तुकडा तेवढा दातानं उसवायला लागली. शिपायानं ती हिसकावून घेतली. वर घासलेट ओतलं तरी वाकळा नीट पेटेनात. इतके दाट टाके, इतके पदर. त्या दोन दिवस आतल्या आत धुमसत राहिल्या, आणि जुन्या कापडाचा तो कडू वास गावातून जाईना. आमच्या दुलया दुकानात सुखरूप होत्या. गाव रिकामं करायचा हुकूम झाला, सगळे शेतांत खोपी घालून राहायला गेले, ऐन मार्गशीर्षात, अंथरायला-पांघरायला काही नसलेले. पोत्यांत पाय घालून झोपलेली माणसं मी पाहिली. मी दुलईत होतो.

ठकी बाळंतपणाला आईकडे आलेली होती. तिला खोपीत मुलगा झाला. त्या नातवासाठी आत्यानं आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या धोतराचं दुपटं आधीच करून ठेवलं होतं, ते ढिगात गेलं होतं. माय अप्पांना म्हणाली, "एक दुलई त्या पोरीला देते." अप्पा म्हणाले, "दिली तर दुलया दिसतील." मायनं मग स्वतःच्या अंगावरचं जाड लुगडं सोडून त्या पोरीला दिलं आणि फाटकं नेसून आली. बाळ सहाव्या दिवशी गारठून गेलं. गाठ नव्हती, ताप नव्हता. नुसतं गार पडलं होतं.

गाठीनं माणसं गेली ती तीन घरांत. त्या तिन्ही घरांत आमच्या दुकानातली दुलई होती. पुढं कितीतरी वर्षांनी बीडच्या एका डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की हा रोग उंदराच्या अंगावरच्या पिसवा पसरवतात. पण गावाला कारण आधीच सापडलेलं होतं. लोक म्हणाले, गिरजीच्या वाकळा जाळल्या तरी बाधा उरलीच. गावात परतल्यावर तिला कुणी जुनेर दिलं नाही. पाणवठ्यावर तिच्यापासून बाया घागरी दूर ठेवू लागल्या. तिच्या दारावरून जाताना पोरं ओरडायची, "उंदीर आला, उंदीर." त्यांतलं एकही पोर असं नव्हतं की जे तिच्या दुपट्यात वाढलं नव्हतं. संक्रांतीनंतर ती ठकीला घेऊन आष्टीकडे भावाकडे निघून गेली. मी केजला शाळेत परत गेलो. त्या वर्षी मी उर्दूत पहिला आलो.

पुढं मी तालुका कचेरीत कारकून झालो. कामासाठी आष्टीला जाणं आलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, दोन मुलं होती. आत्याच्या भावाचं घर शोधायला वेळ लागला नाही. ती दारात बसून गोधडी शिवत होती, डोळ्यांना नीट दिसत नसल्यानं बोटानं टाका चाचपत. कोपरा कोरा होता. मी पायरीवर बसलो, नाव सांगितलं. तिनं सुई थांबवली नाही.

मी म्हणालो, "आत्या, तुमाला त्या दिवशी काय झालं ते ठावं न्हाई. मी दरोग्याला उर्दूत जे बोललो—"

"मला समदं समजलं होतं," ती म्हणाली. "माझा मालक हैद्राबादेत जहागीरदाराच्या घोड्यांवर होता. दोन सालं मी त्याच्यासंगं राहिलेली. तू बोलत होतास ती बोली मी तबेल्यात शिकलेली हाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्या सकाळी दरोग्याचा प्रश्न मी मराठीत सांगण्याआधीच तिनं उत्तर दिलं होतं.

"मंग बोलला कावून न्हाईत?"

"माझं कोण ऐकणार, शेटजीम्होरं? तुझं ऐकलं असतं." तिनं दोरा दातानं तोडला. "मला वाटलं, आज बापाला भ्यालं. उद्या बोलंल. वाकळा जळताना वाटलं, उद्या बोलंल. लेकराला पुरलं तवा तुझ्या मायसंगं तू आलतास, तवा बी वाटलं. संक्रांतीपातूर मी वाट बघितली, बाबा. मग म्हणलं, ह्याचा उद्या लई लांब हाय."

मी तिच्या पायाशी वाकलो, तर तिनं पाय आखडून घेतले. "माझ्याकडं येऊन काय करतोस? मला ठावंच हाय. गावात जाऊन सांग."

मी "हो" म्हणालो. तेव्हा अप्पा जिवंत होते म्हणून सांगितलं नाही. अप्पा गेल्यावर, मेलेल्या माणसाची बदनामी कशाला, म्हणून नाही. मग मुलींची लग्नं होती. मग निजामाचं राज्य गेलं, लोकांच्या डोक्यात दुसऱ्या गोष्टी होत्या. आत्या केव्हा वारली तेही मला कुणी कळवलं नाही, का कळवावं? प्रत्येक वेळी कारण चांगलं होतं. मला आज त्या दरोग्याचा राग येत नाही, अप्पांचाही पूर्वीइतका येत नाही. राग येतो तो त्या साळसूद, शहाण्या, कारणं शोधणाऱ्या कारकुनाचा, जो रोज सकाळी माझ्या आरशात दाढी करतो.

हे सगळं आज सकाळी लिहून संपवलं आणि थोरल्याला सांगितलं की चावडीवर माणसं जमव, मला वाचून दाखवायचं आहे. त्यानं कागद चाळले. चेहरा उतरला त्याचा. म्हणाला, "बाबा, आज्ज्याचं नाव हाय यात. दुकानाचं बी." मग कागद माझ्या हातात परत देत म्हणाला, "बरं. पण आता ऊन लई हाय. उद्या जाऊ."

माझाच पोरगा तो. मी काठी मागितली आहे. पायांत जोडे घातलेले आहेत, आणि हे शेवटचं वाक्य मी उभ्यानंच लिहितो आहे.